जुन्या वस्तऱ्याला नवी मूठ

घरातलं जुनं कपाट रिकामं करताना आजोबांचा किंवा पणजोबांचा वस्तरा हाती लागला, की लोक बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर तो भंगाराबरोबर देऊन टाकतात, नाही तर गल्लीत सायकलच्या चाकावर दगड फिरवत येणाऱ्या धारवाल्याला थांबवून त्याच्या हाती देतात. यातली दुसरी गोष्ट जास्त वाईट. भंगारात गेलेला वस्तरा निदान एखाद्या जाणकाराच्या नजरेस पडू शकतो. फिरत्या दगडावर गेलेला वस्तरा मात्र बहुधा कायमचा हातचा जातो. हे का होतं ते कळलं, की वस्तरा दुरुस्त करण्याची निम्मी विद्या हाती आली म्हणून समजा.

आमच्या इंदुरात रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर या भागांतल्या ओळखीच्या घरांतून असे वस्तरे माझ्याकडे येत असतात. जास्त करून इंग्लंडमधल्या शेफील्डचे किंवा जर्मनीतल्या सोलिंगेनचे. पातं गंजलेलं, मूठ तडकलेली, पण पोलाद अजून शाबूत. ते पुन्हा दाढीच्या लायक कसे करायचे आणि त्यांना हाताने नवी मूठ कशी करायची, ते सांगतो.

आधी वस्तऱ्याची रचना समजून घेऊ. पात्याची वरची जाड कड म्हणजे पाठ आणि खालची पातळ कड म्हणजे धार. मधलं अंग दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं असतं. असं पातं सपाट दगडावर आडवं ठेवलं, तर दगडाला दोनच जागा टेकतात, पाठ आणि धार. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. मनगट जरा हललं की कोन बदलतो. वस्तऱ्याला ते करायचंच नसतं. पाठ किती जाड आणि पातं किती रुंद, यावरून कोन आपसूक ठरतो. ज्याने पातं घडवलं त्याने तो कोन पात्यातच घालून ठेवलेला असतो.

आकड्यांत पाहू. पात्याची रुंदी 19 मिलिमीटर आणि पाठीची जाडी साडेपाच मिलिमीटर असेल, तर धारेचा कोन साधारण साडेसोळा अंश येतो. स्वयंपाकघरातल्या सुरीचा कोन 30 ते 40 अंश असतो. आता कुणी गंज काढण्याच्या भरात पाठ घासून अर्ध्या मिलिमीटरने कमी केली, तर कोन पंधरा अंशांवर उतरतो. फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण धार जितकी बारीक कोनाची, तितकी ती राठ केसापुढे दुमडते आणि तिचे कपचे उडतात. त्यातून पाठ एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी झिजली, तर पात्याच्या लांबीभर कोन सारखा राहतच नाही. म्हणून माझा पहिला नियम असा की पाठीचा जो भाग दगडाला टेकतो, तिथलं पोलाद शोभेसाठी कधीही खरवडायचं नाही. तिथे डाग राहिला तर राहू द्यावा.

फिरत्या दगडावर पाठ आणि धार एकदम टेकत नाहीत, त्यामुळे हा कोन बिघडतो, हे त्याचं पहिलं पाप. दुसरं पाप उष्णतेचं. जुन्या वस्तऱ्याचं पोलाद साधं कार्बनचं, त्यात साधारण एक टक्का कार्बन. ते लाल तापवून झटकन थंड केलं की काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. मग दीडशे-दोनशे अंश सेल्सियसवर पुन्हा हलकेच तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. लोहार यालाच पाणी देणं म्हणतात. धारेजवळ पातं इतकं पातळ असतं की कोरड्या फिरत्या दगडावर क्षणभरात ते या तापमानाच्या कितीतरी वर जातं. तीनशे अंशांच्या आसपास पोलादावर निळी झाक येते. ती दिसली की तिथलं पाणी उतरलं. निळा रंग घासून काढता येतो, पण गेलेला कडकपणा घासून परत येत नाही. पॉलिशसाठी कापडी चाक फिरवणाऱ्या बफिंगच्या मशीनचंही तेच. शिवाय फिरतं कापड पातं हातातून ओढून भिरकावतं, हा धोका वेगळाच. वस्तऱ्याचं काम हातानेच करावं, असं माझं ठाम मत आहे.

घासायला घेण्याआधी वस्तरा कुणाचा आणि कधीचा ते पाहून घ्यावं. पातं जिथे संपतं आणि मुठीत शिरतं, त्या मानेवर कारखान्याचं नाव कोरलेलं असतं. तारा आणि त्याशेजारी माल्टीज क्रॉस, म्हणजे टोकांकडे रुंद होत जाणाऱ्या चार हातांचा क्रूस, दिसला तर तो शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सचा. देशाचं नाव, म्हणजे ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’, कोरलेलं असेल तर वस्तरा बहुधा 1890 च्या सुमाराचा किंवा नंतरचा. ब्रिटनच्या 1887 च्या आणि अमेरिकेच्या 1890 च्या कायद्यांनी परदेशी मालावर मूळ देशाचं नाव घालणं भाग पडलं, त्याचा हा परिणाम. काही शेफील्डच्या पात्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ असं लिहिलेलं असतं. त्यामागे एक हकिगत आहे. विजेच्या शोधांसाठी प्रसिद्ध असलेल्या मायकल फॅरडेने 1818 ते 1822 या काळात जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या आणि शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणाऱ्या कारागिराबरोबर पोलादावर प्रयोग केले. त्यांची सुरुवात आपल्याकडच्या वुट्झ पोलादाच्या अभ्यासापासून झाली होती आणि पुढे त्यांनी पोलादात अगदी थोडी चांदी मिसळून पाहिली. शेफील्डच्या व्यापाऱ्यांनी ते नाव उचललं. पात्यात चांदी असो वा नसो, अशी कोरीव अक्षरं आणि ॲसिडने उठवलेली नक्षी फार उथळ असते, आणि दोन-चार वेळा जोरात घासली की पुसून जाते. चकाकीपायी नाव घालवणं मला अजिबात पटत नाही.

आता पातं वाचेल का, हे ठरवायचं. आधी चीर शोधावी. पातं खिडकीच्या उजेडात तिरकं धरून धारेच्या कडेने नजर फिरवा. केसासारखी बारीक रेघ धारेपासून वर गेलेली दिसली तर तिथे थांबा. चीर गेलेलं पातं दाढीला वापरू नये. ते जपून ठेवावं, पण चेहऱ्याला लावू नये. मग धारेची रेषा पाहा. ती सरळ हवी, किंवा मध्ये किंचित बाहेर फुगलेली चालेल. मध्ये आत गेली असेल तर दगडावर बरंच काम पडतं. शेवटी गंजाचे खड्डे. ते पाठीजवळ किंवा मधल्या अंगावर असतील तर काही बिघडत नाही. अगदी धारेवर खोल खड्डे असतील तर तेवढा भाग झिजवून धार वर न्यावी लागते, आणि प्रत्येक वेळी ते जमतंच असं नाही.

गंजातही फरक असतो. लाल गंज सच्छिद्र, तो दमट हवा धरून ठेवतो आणि आत आत खात जातो, म्हणून तो काढलाच पाहिजे. काळसर-करडा थर मात्र बहुधा घट्ट बसलेल्या लोहाच्या ऑक्साइडचा असतो. तो पोलादाला थोडं संरक्षणच देतो. शंभर वर्षांचं पातं थोडं काळवंडलेलं असावं, असं मला वाटतं.

कामाला लागण्यापूर्वी जी काही धार उरली असेल ती मारून टाकावी. काचेच्या बाटलीच्या कडेवरून धार अलगद ओढली की ती बोथट होते आणि तुमची बोटं वाचतात. मग मूठ वेगळी करायची. जुन्या पिनेचं फुगीर डोकं बारीक कानसीने सपाट घासा आणि बारीक पंचाने पिन दुसऱ्या बाजूने ढकलून काढा. जाम झाली असेल तर रात्रभर रॉकेलचे दोन थेंब मुरू द्या. सुटलेलं पातं लाकडी ठोकळ्यावर टेपने पक्कं बसवून बारीक स्टील वुल आणि मशीनच्या तेलाने घासावं. तेवढ्याने भागत नसेल तर वॉटर पेपर, 600 नंबरपासून चढत 2000 पर्यंत, ओला करून. हात नेहमी पाठीकडून धारेकडे जावा, उलट नाही. शेवटी ब्रासो. व्हिनेगर आणि लिंबाचे उपाय मी वापरत नाही. ते गंजाबरोबर चांगलं पोलादही खातात आणि कोरीव अक्षरांच्या कडा मऊ करतात.

आता मूठ. वस्तऱ्याची मूठ म्हणजे दोन पातळ पट्ट्या, एका टोकाला पातं फिरण्याची पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन्ही पट्ट्यांमध्ये बसवलेली पाचर. दाढी करताना हात खरं तर पात्याच्या मानेला धरतो. मुठीचं मुख्य काम धार सांभाळण्याचं. बंद केल्यावर धार कुठेच टेकायला नको, ना पट्टीच्या आतल्या बाजूला, ना पाचरीला. एकदा टेकली की दगडावर घालवलेले सगळे तास वाया.

जुनी मूठ ठेवायची की नाही, हे ती कशाची आहे त्यावर ठरतं. म्हशीच्या शिंगाची असेल आणि थोडीच सुकली असेल तर तेल मुरवून ती वाचते. कापरासारखा वास येणारी, रंगीत किंवा कासवाच्या कवचासारखी दिसणारी मूठ बहुधा सेल्युलॉइडची असते. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं मिश्रण, एकोणिसाव्या शतकातलं प्लास्टिक. ते जुनं झालं की सडायला लागतं आणि त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू सुटतात. बंद वस्तऱ्यात मुठीच्या आत असलेला पात्याचा भागच नेमका गंजलेला आणि बाहेर राहिलेली पाठ स्वच्छ, असं दिसलं तर कारण हेच. अशी मूठ कितीही देखणी असली तरी पात्याला पुन्हा लावू नये. ती बाकी वस्तऱ्यांपासूनही दूर ठेवावी, आणि विस्तवापासून तर फारच, कारण सेल्युलॉइड भडकन पेटतं. हस्तिदंताची किंवा खऱ्या कासवाच्या कवचाची मूठ निघाली तर विकायचा विचार मनात आणू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याचा व्यापार गुन्हा आहे.

नव्या मुठीसाठी मला शिसवी सगळ्यांत आवडते. जुन्या पलंगाचा किंवा खुर्चीचा मोडका पाय मिळाला तर त्याहून उत्तम काही नाही, कारण ते लाकूड वर्षानुवर्षं सुकलेलं असतं. इंदुरात एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी ठक्क असते आणि जुलैत तीच ओलसर. कच्च्या लाकडाची तीन मिलिमीटरची पट्टी या बदलात पिळवटते आणि पातं एका बाजूला घासायला लागतं. लाकडाच्या रेषा पट्टीच्या लांबीने गेलेल्या हव्यात. आडव्या रेषांची पट्टी पिनेपाशी तुटते. शिसवीचा भुसा नाका-त्वचेला त्रास देतो, तेव्हा मास्क लावूनच घासावं. शिंग घेतलंत तर ते उकळत्या पाण्यात मऊ करून दोन सपाट लोखंडी पट्ट्यांमध्ये दाबून थंड करावं लागतं, आणि घासताना जळक्या केसांचा वास घरभर होतो. केस आणि शिंग दोन्ही केराटिनचीच.

लाकूड कापण्याआधी जाड पुठ्ठ्याचा साचा करावा, ही पायरी कुणीही गाळू नये. पुठ्ठ्यावर पातं ठेवून मानेतल्या भोकाची खूण करा, मुठीचा आकार काढा आणि कापा. मग त्या भोकात टाचणी घालून पातं पुठ्ठ्यावर प्रत्यक्ष फिरवून पाहा. बंद स्थितीत धार साच्याच्या आत राहते का? पाठ बोटाने उघडता येईल इतकी बाहेर राहते का? पात्याचं टोक पाचरीच्या जागेपासून सुटं राहतं का? मानेमागची शेपटी, म्हणजे बोट टेकवायचा वाकडा भाग, उघडताना कुठे अडत नाही ना? ही चारही उत्तरं पुठ्ठ्यावरच मिळतात. माझ्या साच्यांवर पेन्सिलीने धारेचा मार्ग अर्धवर्तुळासारखा काढलेला असतो, म्हणजे धार कुठून कुठे जाते ते नजरेसमोर राहतं.

साचा जमला की अडीच ते तीन मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने एकमेकींवर घट्ट चिकटवाव्यात आणि भोकं दोन्हींत एकाच वेळी पाडावीत. भोक अगदी सरळ, खड्या रेषेत जायला हवं. ते तिरकं गेलं की पातं तिरकं बंद होतं, आणि नंतर कितीही ठोकाठोकी केली तरी तो दोष पुरता जात नाही. हातड्रिलपेक्षा स्टँडवरचं ड्रिल बरं. पिनेला साधारण 1.6 मिलिमीटर जाडीची पितळी तार लागते. तार, छोटे वॉशर, बारीक बिट, कानशी असलं सामान सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानांत शोधावं. बाह्य आकार पट्ट्या चिकटलेल्या असतानाच कानसीने आणि पॉलिश पेपरने उतरवावा, म्हणजे दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात.

लाकडावर जवसाचं तेल पातळ थरांनी चढवतो मी, प्रत्येक थर पुरता सुकू देऊन. तेलात भिजलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि गोळा करून ठेवलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ते पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पाचर हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. ती प्रमाणाबाहेर जाड झाली तर पट्ट्या फाकतात आणि पातं लुळं पडतं. फार पातळ झाली तर पट्ट्या पात्यावर आवळतात आणि धार आत घासते. त्यामुळे आधी कच्च्या पिनेने सगळं तात्पुरतं जोडून, वस्तरा उजेडासमोर धरून धारेच्या बाजूने आत पाहावं. पातं दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मधोमध उतरलं पाहिजे. एका बाजूला झुकत असेल तर पाचरीची एक बाजू कानसीने दोन-तीन हात हलकेच उतरवून पुन्हा पाहा. या ये-जा करण्यात सबंध संध्याकाळ जाते, आणि ती जाऊ द्यावी.

पिन पक्की करताना वॉशरच्या वर तार जेमतेम एक मिलिमीटर ठेवावी. जास्त ठेवली तर ती डोकं धरण्याऐवजी आतल्या आत वाकते. छोटी हातोडी, पोलादाचा सपाट ठोकळा आणि हलके, अगदी हलके ठोके, सगळ्या बाजूंनी फिरवत. दहा-पंधरा ठोक्यांनंतर उलटून दुसऱ्या बाजूला तितकेच. पितळेचं टोक हळूहळू पसरून घुमटाकार होतं. प्रत्येक फेरीनंतर पातं उघडून पाहा. ते अंगठ्याने सहज हललं पाहिजे, पण सोडलं त्या कोनात थांबलं पाहिजे. घट्ट पिन सैल करता येत नाही, सैल पिन मात्र आणखी चार ठोक्यांनी घट्ट होते.

उरली धार. ती मूठ बसवल्यावरच लावावी. हजार नंबरच्या, पाण्याने ओला करून वापरायच्या सपाट दगडावर पातं आडवं ठेवून, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली ठेवून, धार पुढे करून सरकवा. दाब बोटांच्या वजनाइतकाच. पाठीवर आधी झीज दिसत असेल तर इन्सुलेशन टेपचा एक थर लावा. त्याने पाठ वाचते आणि कोन पाऊण अंशाने वाढतो. दोन्ही बाजूंचे उतार टोकापासून मानेपर्यंत अखंड जुळले की पुढे 4000, 8000 आणि 12000 नंबरचे आणखी बारीक दगड. हजारवरचं काम कच्चं राहिलं तर पुढचे दगड कितीही फिरवा, धार येत नाही. बहुतेकांचं इथेच अडतं, आणि दोष ते महागड्या दगडाला देतात.

जुन्या नाभिक कारागिरांच्या धोकटीत दगडाबरोबर चामड्याचा पट्टा असायचाच. पट्ट्यावर हालचाल दगडाच्या उलट, पाठ पुढे आणि धार मागे. टोकाला पोहोचलं की पातं पाठीवरून उलटायचं, धारेवरून कधीच नाही. प्रत्येक दाढीआधी पट्टा हवाच. केस पोलादापेक्षा साधारण पन्नास पट मऊ असूनही धार का जाते, याचं उत्तर 2020 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली केस कापला जात असतानाच पाहून दिलं. केस धारेला विशिष्ट कोनात आणि पोलादाच्या असमान जागी भेटला की धारेचे सूक्ष्म कपचे उडतात. केस गरम पाण्याने आधी नीट भिजवले तर ते बरेच मऊ होतात आणि धारेवरचा ताण कमी होतो.

पहिल्या दाढीला गाल निवडा, हनुवटी नको. पातं चेहऱ्याशी तीसेक अंशांवर, कातडी दुसऱ्या हाताने ताणलेली, आणि केसांच्या दिशेनेच. त्याआधी पातं साबणाने धुऊन स्पिरिटने पुसलेलं असावं. सलूनमधून असे वस्तरे गेले आणि फेकायची अर्धी ब्लेड आली ती रक्तातून पसरणाऱ्या आजारांच्या भीतीने, आणि ती भीती रास्त आहे. म्हणून दुरुस्त केलेला वस्तरा एकाच माणसाचा असावा, घरातही वाटून घेऊ नये.

वापरून झाल्यावर पातं आणि मुठीच्या आतली फट दोन्ही कोरडी करा. पाण्याचा एक थेंब पिनेपाशी राहिला तर गंज तिथूनच सुरू होतो. वस्तरा न्हाणीघरात ठेवू नका, चामड्याच्या पाकिटातही नको, कारण चामडं ओल धरून ठेवतं. पावसाळ्याआधी पात्यावर आणि पिनेपाशी मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवून तो कोरड्या कपाटात, हवा लागेल असा ठेवावा, आणि श्रावण संपेपर्यंत दर आठवड्याला एकदा उघडून पाहावा.